युरोपची सहल: आधी सोबत, मग देश

शिरूरच्या बाजारपेठेत असो की दौंडच्या रेल्वे कॉलनीत, युरोपचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती देश होतात?’ दहा दिवसांत सात देश असं उत्तर मिळालं की पैसे वसूल होणार याची ऐकणाऱ्याला खात्री पटते. मला वाटतं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. नवरा-बायको आणि दोन-तीन मित्रजोडपी मिळून जाणार असतील, तर देश कमी पडले म्हणून सहल बिघडत नाही. पहाटे किती वाजता निघायचं, दिवसाला किती चालायचं, बाहेर जेवायचं की खोलीवर शिजवायचं आणि खर्च कुणी, कसा उचलायचा, हे घरी बोललेलं नसतं म्हणून ती बिघडते. आयफेल टॉवरखाली उभं राहून हे वाद घालण्यात जो वेळ जातो, तो तिकिटाच्या किमतीत कुठेच दिसत नाही.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतून युरोपला जाणारी माणसं आता अनेक तऱ्हांची आहेत. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतले अभियंते कंपनीच्या कामासाठी जर्मनी-इटलीला जाऊन येतात आणि मग ते बायकोला दाखवावंसं वाटतं. ऊस, कांदा, डाळिंबाचे बागायतदार एखादं वर्ष चांगलं गेलं की मनावर घेतात. निवृत्त शिक्षक दांपत्यं जातात, रेल्वेतून आणि राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेले दौंडकर जातात. कुणाचा मुलगा म्युनिकला असतो, कुणाची मुलगी ॲमस्टरडॅमला. यातल्या बहुतेकांची मोठी अडचण पैशाची नसते. घर, शेत, गोठा आणि म्हातारे आई-वडील सोडून पंधरा दिवस बाहेर राहायची सवय नसते, ही खरी अडचण. म्हणून सहलीची आखणी घरापासूनच सुरू करावी लागते.

सोबतीनं लांबचा प्रवास कसा करायचा, हे खरं तर या भागाला कुणी शिकवायला नको. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यातून जाते. यवतला मुक्काम पडतो, तिथली पिठलं-भाकरी वारकऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहे. पुढचा मुक्काम वरवंडला. त्या वाटेवरची कुठलीही दिंडी पाहा. वर्गणी निघण्याआधी जमा झालेली असते. सामानाचा ट्रक पुढे जातो, तंबू लागतात, चुली पेटतात. कुणी भराभर चालतं, कुणाचे गुडघे धरलेले असतात, तरी संध्याकाळी सगळे एकत्र भेटतात, कारण मुक्काम कुठे आहे हे प्रत्येकाला सकाळीच ठाऊक असतं. पैसे आधी जमा, मुक्काम ठरलेला, चाल ज्याची त्याची. मित्रांबरोबरच्या युरोपच्या सहलीला याहून चांगला आराखडा मला तरी माहीत नाही.

पैशापासूनच सुरुवात करू. पश्चिम युरोपच्या दहा-बारा दिवसांच्या सहलीला माणशी अडीच-तीन लाखांच्या पुढेच खर्च येतो, हे धरून चालावं. चार जोडपी जाणार असतील तर प्रत्येक जोडप्यानं आपापल्या नावावर, पण एकाच तारखेला, आवर्ती ठेव सुरू करावी. दरमहा २० हजार टाकले तर दोन वर्षांत ४ लाख ८० हजार मुद्दल जमतं, वर व्याज. आपापल्या नावावर म्हणण्याला कारण आहे. व्हिसाच्या वेळी प्रत्येकाला स्वतःच्या बँक खात्याचे उतारे द्यावे लागतात. अर्जाच्या आठ दिवस आधी खात्यात एकदम मोठी रक्कम आली की ती उसनी आणून दाखवली असा संशय येतो. महिन्यामहिन्याला साठत गेलेली रक्कम स्वतःच बोलते.

प्रत्यक्ष सहलीत एक सामाईक बटवा ठेवावा. त्यातून घरभाडं, रेल्वे-बस, किराणा आणि सगळे मिळून पाहतो त्या ठिकाणांची तिकिटं निघावीत. खरेदी, मद्य, एखाद्याला हवं असलेलं महागडं जेवण, हे ज्याचं त्यानं द्यावं. हिशोब एकाच माणसाकडे असावा आणि तो रोज रात्री सगळ्यांना वाचून दाखवावा. मैत्रीत हिशोब कसला, असं म्हणणारे मित्रच पुढे कुरबुर करतात, असा माझा अनुभव आहे. कार्ड वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुकानातलं यंत्र कधी कधी विचारतं, पैसे रुपयांत कापू की युरोत? नेहमी युरो निवडावा. रुपये निवडले की दर तिथली यंत्रणा लावते आणि तो जवळजवळ नेहमीच आपल्याला महाग पडतो. शिवाय युरो सगळीकडे चालतो असंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक आहे, झेक प्रजासत्ताकात कोरुना, हंगेरीत फोरिंट.

परदेशी सहलीचं पॅकेज विकत घेतलं की त्यावर टीसीएस म्हणजे उगमाशी गोळा होणारा कर लागतो. तो आपल्या पॅन क्रमांकावर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरताना देय करातून वजा करून किंवा परतावा म्हणून मिळवता येतो. दर अर्थसंकल्पागणिक बदलतो, तेव्हा पैसे भरताना चालू दर विचारून घ्यावा आणि पावती जपावी. आपलं उत्पन्न शेतीचं, आपल्याला विवरणपत्राशी काय करायचं, असं म्हणणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांचे हे पैसे सरकारकडेच राहून जातात.

आता व्हिसा. लक्झेंबर्गमध्ये मोझेल नदीकाठी शेंगेन नावाचं लहानसं गाव आहे. १४ जून १९८५ रोजी तिथे नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी आपसांतल्या सीमेवरची तपासणी हळूहळू काढून टाकण्याचा करार केला. १ जानेवारी २०२५ला बल्गेरिया आणि रुमानिया पूर्णपणे आत आल्यावर या क्षेत्रातले देश २९ झाले. एका व्हिसावर या सगळ्या देशांत फिरता येतं. मर्यादा कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांची. ब्रिटन आणि आयर्लंड यात नाहीत. लंडन जोडायचं तर वेगळा व्हिसा, वेगळं शुल्क, वेगळी कागदपत्रं. पहिल्या सहलीत लंडन आणि युरोप दोन्ही एकदम घेऊ नये, असं मी आग्रहानं सांगेन.

अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे करायचा. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी पाय ठेवणार, त्या देशाकडे. निघण्याच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, क्वचित ४५. उन्हाळ्याच्या तोंडावर मुलाखतीच्या तारखाच मिळत नाहीत, म्हणून लवकर हालचाल करावी. जून २०२४ पासून मोठ्या माणसाचं शुल्क ९० युरो आहे आणि ते व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोचं वैद्यकीय विमा संरक्षण लागतं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, युरोप सोडल्यानंतर निदान तीन महिने त्याची मुदत शिल्लक हवी आणि दोन पानं कोरी हवीत. पुण्यात व्हीएफएसचं केंद्र आहे, तिथे अनेक शेंगेन देशांचे अर्ज घेतले जातात. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

२०२४मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांच्या आसपास अर्ज गेले आणि त्यातले सुमारे १५ टक्के नाकारले गेले. नकाराच्या कारणांत हा माणूस परत येईल याबद्दलची शंका ठळक असते. नोकरदाराला हे सिद्ध करणं सोपं जातं: पगाराच्या पावत्या, रजा मंजुरीचं पत्र. रेल्वे, पोलीस दल, जिल्हा परिषद अशा सरकारी सेवेत असणाऱ्यांनी खात्याची परवानगी आधी काढावी, तिला वेळ लागतो. शेतकऱ्याचं काम थोडं वेगळं. सातबारा आणि आठ-अ यांचे उतारे इंग्रजी भाषांतरासह, साखर कारखान्याच्या किंवा दूध डेअरीच्या खात्यात जमा झालेल्या रकमा दाखवणारं बँक पुस्तक, आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ते नमूद करून भरलेली दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं. सोबत एक साधं पत्र द्यावं: मी काय पिकवतो, माझ्यामागे शेत कोण पाहणार, मी कधी परतणार. वीस एकर उसाचा मालक परदेशात लपून राहणार नाही, हे आपल्याला उघड दिसतं. कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ऊस म्हणजे काय हेच माहीत नसतं. त्याला ते सांगावं लागतं.

बायकोच्या कागदांकडे विशेष लक्ष द्यावं, कारण तिथेच सगळ्यात जास्त अडतं. आधारवर सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग, असं पुष्कळ घरांत असतं. विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीतून किंवा नगरपरिषदेतून काढलेला नसतो. हे सगळं व्हिसाच्या आधी वर्षभर दुरुस्त करून घ्यावं. तिचं स्वतःचं उत्पन्न नसेल तर नवऱ्यानं खर्चाची जबाबदारी घेतल्याचं पत्र जोडता येतं, पण तिच्या नावावर चालतं खातं आणि थोडी ठेव असणं केव्हाही चांगलं. आणि मित्रमंडळी एकत्र जात असली तरी प्रत्येकाचा अर्ज वेगळा असतो. म्हणून हॉटेलच्या किंवा घराच्या आरक्षणावर आठही जणांची नावं यायला हवीत आणि सगळ्यांच्या अर्जातला दिवसवार आराखडा अक्षरशः एकच हवा. एकाच्या कागदावर चार रात्री इंटरलाकेन आणि दुसऱ्याच्या कागदावर तीन, असं झालं की प्रश्न उभे राहतात.

एक सोय हल्ली झाली आहे. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी असा नियम आहे की मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नियमानं वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेक वेळा जाता येईल असा मिळू शकतो. त्यानंतर पाच वर्षांचाही. याचा अर्थ युरोप एकाच फेरीत उरकायची गरज नाही. मुलगा तिकडे असलेल्या आई-वडिलांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

म्हणून पहिल्या खेपेला दोन देश, फार तर तीन. पॅरिसमध्ये तीन-चार रात्री, स्वित्झर्लंडमधल्या एकाच गावात चार-पाच, आणि वाटलं तर शेवटी रोम किंवा व्हेनिसला तीन. विमानाचं तिकीट पॅरिसला उतरायचं आणि रोमहून परतायचं असं काढावं म्हणजे उलट प्रवास वाचतो. पुण्याहून युरोपला थेट विमान नाही, मुंबईहून पॅरिस, फ्रँकफुर्ट, झुरिक, ॲमस्टरडॅमला आहे. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं, त्यात वाघोलीची कोंडी. विमान रात्रीचं असलं तर शिरूरकरांनी दुपारीच घर सोडावं. दौंडकरांना रेल्वे आहे, पण गाडीला उशीर होईल हे धरून एक गाडी आधीची घ्यावी.

रोज गाव बदललं की काय होतं ते मोजून पाहा. उठून बॅगा भरायच्या, खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, नव्या गावी खोली दुपारी तीननंतर ताब्यात मिळायची. अर्धा दिवस गेला. आठ माणसं असतील तर अर्ध्याहून जास्त. एका गावी चार रात्री राहिलं की पाऊस पडेल त्या दिवशी आराम आणि ऊन पडेल त्या दिवशी डोंगर, अशी अदलाबदल करता येते. स्वित्झर्लंडमध्ये हीच खरी गरज आहे. युंगफ्राउयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. १९१२ साली सुरू झालेली ही रेल्वे शेवटचा बराचसा प्रवास डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून करते. इंटरलाकेनहून जाऊन-येऊन पूर्ण भाडं २०० फ्रँकच्या पुढे जातं. एवढे पैसे देऊन वर गेल्यावर समोर नुसते ढग असले तर मन खट्टू होतं. शिखरावरचे कॅमेरे सकाळी मोबाइलवर दिसतात. ते पाहूनच तिकीट काढावं. वर हवा विरळ असते, भराभर चालू नये, आणि हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. ज्यांना एवढा खर्च नको त्यांनी रिगी पाहावा. १८७१ साली सुरू झालेली तिथली दातेरी रुळांची डोंगरी रेल्वे युरोपातली पहिली, आणि स्विस ट्रॅव्हल पासवर ती फुकट आहे. दौंडसारख्या रेल्वेच्या गावातल्या माणसांना रिगीची गाडी युंगफ्राउइतकीच आवडेल, असं मला मनापासून वाटतं.

स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. रेल्वे, बस, सरोवरातल्या बोटी सगळं त्यात येतं. युंगफ्राउयोखसारख्या काही डोंगरी रेल्वेंवर मात्र फक्त सवलत असते. तिथलं वेळापत्रक १९८२ पासून ठरावीक अंतरानं धावणाऱ्या गाड्यांवर बांधलेलं आहे. मोठ्या स्टेशनांवर निरनिराळ्या दिशांच्या गाड्या साधारण एकाच वेळी येतात आणि काही मिनिटांत सुटतात, त्यामुळे गाडी बदलायला पाच-सात मिनिटंही पुरतात. जर्मनीत मुलाकडे उतरणाऱ्यांसाठी बायर्न तिकीट आहे. एका तिकिटावर पाच जण दिवसभर बव्हेरियातल्या प्रादेशिक गाड्यांतून फिरू शकतात, सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊपासून. म्युनिकहून नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा किंवा सीमेपलीकडचं साल्झबर्ग त्यावर होतं. मित्रांनी मिळून जाण्याचा फायदा असा रोख दिसतो. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ठसा मारून घ्यावं लागतं, नाहीतर तिकीट असून दंड बसतो.

गाडी भाड्यानं घ्यायची तर आपल्या परवान्यासोबत परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. साध्या कारच्या परवान्यावर चालकासह नऊ जणांपर्यंतचं वाहन चालवता येतं, म्हणजे चार जोडपी एका गाडीत बसतात. मात्र आठ मोठ्या बॅगा मागे मावत नाहीत. वाहतूक उजवीकडून, आणि इटलीतल्या जुन्या शहरांच्या गाभ्यात परवानगीशिवाय गाडी घातली की कॅमेरा टिपतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी येते. माझं मत रेल्वेच्या बाजूचं आहे. एकानं दिवसभर रस्त्याकडे पाहायचं आणि बाकीच्यांनी डोंगराकडे, यात त्या एकाची सहल होत नाही.

ग्रुप टूर वाईट असं मी म्हणणार नाही. १९८४ साली केसरी पाटील यांनी केसरी टूर्स काढली, २०१३मध्ये वीणा पाटील यांनी वीणा वर्ल्ड. अशा मराठी संस्थांमुळे इंग्रजीचा धसका असलेल्या हजारो माणसांनी युरोप पाहिला, वेळेवर जेवण मिळालं, सोबत मराठी बोलणारा माणूस मिळाला. पण तिथे बसची घाई का असते हे समजून घ्यावं. युरोपीय संघाच्या नियमानं चालकाला साधारणपणे दिवसाला नऊ तासच बस चालवता येते, साडेचार तासांमागे पाऊण तास विश्रांती द्यावी लागते आणि रात्री सलग विश्रांतीचे तास ठरलेले असतात. हे सगळं गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं. म्हणून टूर मॅनेजर ‘पाचच मिनिटं’ म्हणून ओरडत असतो. वयस्कर जोडप्यांनी, पहिल्यांदाच देशाबाहेर जाणाऱ्यांनी ग्रुप टूर घ्यावी. पन्नाशीच्या आतल्या, मोबाइलवर नकाशा वाचू शकणाऱ्या चार जोडप्यांनी स्वतःच आखणी करावी.

राहायला हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घेणं आठ जणांना परवडतं. घेताना लिफ्ट आहे का ते विचारावं. जुन्या इमारतींत चार मजले चढावे लागतात. जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये रात्री दहानंतर शांतता पाळण्याचा नियम आहे आणि शेजारी तक्रार करतात. रविवारी तिथली दुकानं बंद, तेव्हा शनिवारीच दूध-भाजी आणावी. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. झुरिकमध्ये बाराशेहून अधिक कारंजी आहेत, बहुतेकांचं पाणी पिता येतं. बाटल्यांवर खर्च करू नये.

खाण्याचा विषय निघाला की मला केडगाव आठवतं. दौंड तालुक्यातल्या या गावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १९२२ साली त्या तिथेच वारल्या. त्याच्या कितीतरी आधी, १८८३ मध्ये, पंचविशीतल्या रमाबाई मैत्रीण आनंदीबाई भगत आणि दोन वर्षांची मनोरमा यांना घेऊन बोटीनं इंग्लंडला गेल्या. तिथे त्या शाकाहारी राहिल्या. त्या प्रवासावर त्यांनी मराठीत ‘इंग्लंडचा प्रवास’ लिहिला. आज शाकाहार सांभाळणं तुलनेनं फार सोपं आहे, मोठ्या शहरांत भारतीय खानावळीही आहेत. तरी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, पोहे सोबत असावेत. तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड मात्र नेऊ नये. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताज्या फळांनाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढीच सुटतात, म्हणजे मुलासाठी शिरूरची डाळिंबं बॅगेत टाकली तर विमानतळावर सोडून द्यावी लागतील. कढीपत्त्याची ताजी पानंही नेऊ नयेत.

भाड्याच्या घरात स्वयंपाक करायचा म्हणजे बायकांनी करायचा, असं गृहीत धरलं जातं आणि इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. घरी तीस वर्षं पहाटे उठून डबे करणारी बाई स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनच्या धबधब्यासमोरही पोहेच परतत उभी राहणार असेल, तर ती सहल फक्त तिच्या नवऱ्याची झाली. पाळ्या निघण्याआधी ठरवाव्यात. सकाळचा चहा-नाष्टा पुरुषांकडे, रात्रीचं जेवण एक दिवस खोलीवर सगळ्यांनी मिळून, एक दिवस बाहेर.

तसंच रोज दुपार मोकळी सोडावी. आठ जणांनी आठ दिवस एकमेकांना धरून फिरायचं बंधन नसावं. कुणाला लूव्हरमध्ये तीन तास चित्रं पाहायची असतात, कुणाला नुसतं सेन नदीकाठी बसायचं असतं. संध्याकाळी सातला अमुक ठिकाणी भेटायचं एवढं ठरलं की पुरतं. आणि त्या मोकळ्या दुपारी नवरा-बायकोनं एकमेकांसोबत राहावं. एकत्र कुटुंबात संसार झालेल्या कितीतरी जोडप्यांना सलग चार तास दोघांनीच चालत राहायला मिळालेलं नसतं. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या युरोप प्रवासावरचं ‘अपूर्वाई’ १९६० साली आलं आणि तेव्हापासून मराठी वाचक ते वाचत आला आहे. त्यात पाहिलेल्या ठिकाणांइतकाच दोघांनी मिळून पाहण्याचा आनंद आहे. निघण्याआधी ते दोघांनी मिळून वाचावं.

काही तिकिटं मात्र आधी काढावीच लागतात. ॲमस्टरडॅममधलं ॲन फ्रँकचं घर पाहायचं तर तिकिटं दर मंगळवारी सहा आठवडे आधी खुली होतात आणि पटकन संपतात. लूव्हर मंगळवारी बंद असतं, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी, व्हॅटिकनची संग्रहालयं बहुतेक रविवारी. व्हेनिसमध्ये २०२४ पासून काही ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेश शुल्क आहे. तिथे रात्री राहणाऱ्याला ते माफ आहे, पण नोंदणी करून घ्यावी लागते.

प्रकृतीचं सांगायला हवं. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या सगळ्या दिवसांच्या, वर थोड्या जास्त, हातातल्या बॅगेत ठेवाव्यात आणि सोबत औषधाचं मूळ नाव लिहिलेली डॉक्टरची चिठ्ठी. विमा घेताना आधीचे आजार त्यात धरले आहेत का ते वाचावं. स्वस्त विम्यात बहुधा नसतात. आणीबाणीचा क्रमांक सगळीकडे ११२. पॅरिसची मेट्रो, रोमची बस, बार्सिलोनाचे रस्ते इथे पाकीटमार असतात. पासपोर्ट गेला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत सहप्रवाशाच्या मोबाइलवर असली की काम लवकर होतं. चार जोडप्यांनी एकमेकांच्या प्रती ठेवाव्यात.

कधी जावं? आपल्याकडे मे महिना मोकळा असतो: शाळांना सुट्टी, ऊस तुटून गेलेला, कांदा चाळीत. युरोपातही मे-जून उत्तम. थंडी सुसह्य, डोंगरावर बर्फ, आणि दिवस लांब. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री पावणेदहानंतर मावळतो. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाडी दोन्ही चढतात. पेरणीमुळे जूनच्या मध्यापर्यंत परत यायला हवं असेल तर मेचा दुसरा पंधरवडा धरावा. ज्यांचा गोठा आहे त्यांनी धारा कोण काढणार, जनावरांचा डॉक्टर कोण बोलावणार, हे भावाशी किंवा शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवावं आणि तो जाईल तेव्हा आपण त्याचा गोठा पाहावा. आई-वडिलांजवळ राहायला बहिणीला किंवा मुलीला तारखा आत्ताच सांगाव्यात.

पुढच्या मेमध्ये जायचं असेल तर व्हिसाचा अर्ज नोव्हेंबरपासून करता येतो. त्याआधी, दिवाळीत सगळे गावी असतील तेव्हा, चारही जोडप्यांनी एका संध्याकाळी बसावं, बायकांनी आधी बोलावं, आणि पैसे, पाळ्या व मुक्काम कागदावर लिहून त्यावर आठ सह्या कराव्यात.